रजेचा खुलासा

तीन ओळी लिहायच्या होत्या, इंग्रजीत,
पुण्याच्या हेड ऑफिसला, चारच्या आत.
सत्तर दिवस कुठे होते, एवढंच.

पहिली ओळ तीनदा खोडली.

आय हॅव टीबी.
असं लिहिलं तर शेजारची निलोफर
उद्या खुर्ची खिडकीकडे ओढेल.
आय हॅड टीबी.
असं लिहिलं तर पर्समधल्या पाकिटाचं काय,
रोज उपाशीपोटी तीन गोळ्या,
लघवी केशरी,
आणि अजून एकशे आठ दिवस?

आय वॉज हॅविंग.
इथे कडू सरांचा खडू कानावर बसला असता.
घणसोलीच्या शाळेत, पत्र्याखाली,
त्यांनी बारा काळ फळ्यावर मांडले होते
चाळीच्या खोल्यांसारखे, तीन मजले, मजल्यावर चार.
आजाराला कुठली खोली द्यायची
हे परीक्षेला आलं नाही.
परीक्षेत राम आंबा खातो, खात होता, खाल्ला होता,
आणि इतके आंबे खाऊन
राम एकदाही आजारी पडला नाही.

आमच्यात सोपं असतं.
ताप येतो, ताप जातो,
खोकला मला होतो, मी त्याला काही केलेलं नसतं.
आई दारातल्या बायांना म्हणायची,
"आलता, गेला."
कोण, ते कुणी विचारायचं नाही.

इंग्रजीत आय पुढे उभा, एकटा, काठीसारखा,
आणि काठीला बांधलेलं हॅव.
आय हॅव अ फ्लॅट. आय हॅव अ सन. आय हॅव टीबी.
सातबाऱ्यावर चढवावं तसं
सगळं माझ्याच नावावर.
(वुई हॅड लँड.
हे वाक्य मात्र आमच्या गावात
नापास झालेल्यालाही अचूक येतं.)

महापेच्या या दुसऱ्या मजल्यावर
मी लेबलं तपासते, औषधांच्या बाटल्यांची.
बॅच नंबर, उत्पादन, मुदत.
एकोणीस वर्षांत एक महिना चुकू दिला नाही.
माझ्या छातीवर कुणी छापलं नव्हतं
कधीपासून, कधीपर्यंत.
थुंकी निगेटिव्ह आल्याचा कागद आहे.
नागरी केंद्रातल्या घरत सिस्टर म्हणाल्या,
"आता तुमच्यापासून कुणाला काही नाही."
कुणाला काही नाही. मी घरी जाईपर्यंत
रिक्षात हेच म्हणत होते,
रिक्षावाला आरशातून बघत होता.

साडेतीनला निलोफरने खुर्ची ओढली.
माझ्याकडे.
पडद्यावरचं वाचलं, तोंडातली सुपारी एका गालात सारली.
"आजाराला हॅड लाव. गोळ्यांना हॅव बीन."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "अब्बा बरे झाल्यावरही आहेच म्हणायचे.
सात वर्षं ताट वेगळं ठेवलं. स्वतःच.
आम्ही कोणी सांगितलं नव्हतं."
तिचं मराठी अलिबागकडचं आहे,
वाक्याच्या शेवटी थोडं खाली उतरतं.
"सांगितलं नव्हतं," ती परत म्हणाली,
"पण नको, असंही म्हटलं नाही."

तीन त्रेपन्नला पाठवलं.
आय हॅड टीबी. आय हॅव बीन ऑन ट्रीटमेंट.
तिसरी ओळ सुचली नाही, म्हणून
आय हॅव कम बॅक.
आले आहे. हे आपल्याकडेही असंच म्हणतात,
येणं होऊन गेलेलं
आणि माणूस अजून दारातच.

चारला उत्तर आलं.
नोटेड.
कोणी नोंदलं, काय नोंदलं,
कर्ता नाही, कर्म नाही,
काळही असा की कडू सर असते तर विचारलं असतं.

निलोफर तिच्या जागेवर गेली होती.
खुर्ची दोन फरशा अलीकडेच राहिली.
मी पुढचं प्रूफ उघडलं.
कफ सिरप, शंभर मिली, पिवळ्यावर लाल.
सगळं बरोबर होतं.
मुदतीचा महिना तेवढा
छापायचा राहिला होता.